चार नंबरची चिठ्ठी

बावीस वर्षांत मी पेशंटवर हात उचलला नव्हता. उचलला तो असा, की त्याची दोन बोटं मोडली. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं. काटकी मोडावी तसा आवाज आला, आणि एकदा नाही, दोनदा आला. मामा, म्हणजे आमच्या वॉर्डातले सगळ्यात जुने मदतनीस, मेलेला माणूसही न दचकता उचलतात. त्यांनीसुद्धा तोंड फिरवलं. मला फिरवून चालणार नव्हतं, कारण त्या बोटांखाली एका पोरीचा गळा होता.

आधी वॉर्ड सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल आमच्याकडे रोज हाणामारी चालते. आमच्याकडे घाबरलेली माणसं येतात. बारा खाटा, सगळे पुरुष. कुणाला लिफ्टचं दार बंद झालं की आपण मेलोच असं वाटतं. कुणी अपघातातून वाचलेला असतो आणि दिवसातून दहा वेळा मनानं त्याच गाडीत जाऊन बसतो. औषधं डॉक्टर लिहून देतात आणि जातात. बाकीचं आमच्या गळ्यात. जवळ बसायचं, श्वास मोजायला लावायचा, पाय जमिनीवर टेकवून घ्यायचे, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं विचारायची. लोकांना वाटतं यात काय मोठंसं. एकदा करून बघा म्हणावं, समोरचा माणूस डोळे पांढरे करत असताना.

तर या प्रत्येकाची एक दुखरी जागा असते. तिथं बोट लागलं की संपलं. म्हणून सात-आठ वर्षांपूर्वी मी नको-चिठ्ठ्या सुरू केल्या. आमच्या खोलीतल्या कपाटाच्या दाराला आतून बारा चिठ्ठ्या, एकेका खाटेची एक. त्या पेशंटशी काय करायचं नाही आणि काय चुकवायचं नाही, दोन ओळींत. भिंतीवर पेशंटचं नाव लिहायला बंदी आहे, म्हणून नुसता खाटेचा नंबर. खाट बदलली की चिठ्ठी बदलायची. पद्धत माझी, अक्षर माझं, आणि तिचा तोरा मिरवायचा तोही मीच. दुसऱ्या दवाखान्यांतून नर्सा बघायला येत.

सात नंबरवर हवालदार होता. पोलिसाशी त्याचा काही संबंध नाही. एका गोदामावर पहारेकरी होता, पण सकाळी उठून अंथरुणाची अशी घडी घालायचा की वॉर्डानं त्याला हवालदार करून टाकलं. दीड वर्षापूर्वी त्या गोदामात दोघं शिरले. त्याला मागून धरलं, हात पिळून बांधले आणि डोक्यावरून प्लास्टिकची पिशवी घातली. पिशवीला एक भोक होतं, म्हणून तो जगला. शेजारी त्याच्या जोडीदाराला लोखंडी सळईनं मारत होते. हवालदाराला दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. जोडीदार त्याला हाका मारत होता. किती वेळ, ते तो सांगायचा नाही. मला एकदाच म्हणाला होता, की पहिल्यांदा हाका थांबल्या आणि त्यानंतरही मारणं चालूच होतं.

त्याच्या चिठ्ठीवर मी लिहिलं होतं: मागून जाऊ नका. धरू नका. तोंडाजवळ काही नेऊ नका.

आठ आठवडे झाले होते. शेवटचे तीन आठवडे एकही झटका नाही. शनिवारी घरी सोडायचं ठरलं होतं. त्याची बायको कपडे शिवायच्या कारखान्यात कामाला, मुलगी सहा वर्षांची. त्याच्या बायकोला आम्ही वहिनी म्हणायचो. त्या दर बुधवारी आणि शनिवारी यायच्या, त्याच्या समोर बसून राहायच्या, निघताना मला म्हणायच्या, ताई, यांना लवकर सोडा. घरी जायचं हे एवढंच त्या माणसाला हवं होतं. विचारलं की म्हणायचा, ठीक आहे. झोप? ठीक आहे. स्वप्नं? ठीक आहेत. त्या 'ठीक आहे'चा मला राग यायचा, पण झटके थांबले होते, मग मीही जास्त खोदलं नाही.

मंगळवारी सकाळी चार नंबरचा शाळामास्तर घरी गेला. चार नंबर खिडकीजवळची खाट. हवालदारानं कधी नव्हे ते काहीतरी मागितलं, मला खिडकीजवळ झोपू द्या म्हणाला. म्हटलं झोप बाबा. त्याला सातवरून चारवर आणला. चिठ्ठ्या नंतर बदलू म्हटलं.

दुपारी दोनला माझी पाळी संपते. पुढची नर्स आली की तिला सोबत घेऊन खाटेखाटेला फिरायचं, प्रत्येकाचं तोंडी सांगायचं, आणि मग निघायचं. हे शाळेतल्या पाढ्यासारखं आमच्या अंगात भिनलेलं असतं. पुढची नर्स म्हणजे चिमणी. वजन जेमतेम पंचेचाळीस किलो, लहान मुलांच्या वॉर्डातून बदलून आलेली, आमच्याकडे दुसराच दिवस. दोनचे पावणेतीन झाले तरी बाईसाहेबांचा पत्ता नाही. आदल्या दिवशीही तेच. माझं डोकं फिरलं. माझा राग नाकावर असतो हे अख्ख्या दवाखान्याला ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा थोडा अभिमानही होता. ती धापा टाकत आली, बसचं काहीतरी सांगायला लागली. मी ऐकून घेतलं नाही. किल्ल्या टेबलावर आपटल्या आणि म्हणाले, "सगळं कपाटात लिहिलंय. डोळे असतील तर वाच."

असं म्हणून मी कपडे बदलायच्या खोलीत गेले. हवालदाराला तिनं आदल्या दिवशी फक्त लांबून बघितलेलं. त्याची कहाणी तिला कुणी सांगितलेली नव्हती. सांगायची होती मी.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं नाही. दहा पेशंटांनी पाहिलं आणि चिमणीनं नंतर लिहून दिलं. त्या दुपारी नव्या गाद्या आल्या होत्या. मामांनी पाच नंबरची गादी घालायला घेतली आणि तिचं प्लास्टिकचं कव्हर ओढून काढलं. चर्रर्र आवाज झाला. हवालदार खाटेवर उठून बसला. श्वास कोंडला, ओठ निळे पडले, दोन्ही हातांनी तो आपल्याच तोंडावरचं काहीतरी ओरबाडायला लागला, जे तिथं नव्हतं. चिमणी धावली. घाबरली असेल, पण शहाण्या पोरीसारखी आधी कपाटाकडे गेली. खाट नंबर चार. चिठ्ठी वाचली. माझ्या अक्षरात स्पष्ट लिहिलेलं होतं: घट्ट धरा. सोडा म्हणाला तरी सोडू नका.

ती मास्तरची चिठ्ठी. मास्तरला झटका आला की आपण खोल खाली पडतोय असं वाटायचं, आणि कुणी घट्ट धरून ठेवलं की दोन मिनिटांत शांत व्हायचा.

तिनं हवालदाराला धरलं. मागून, दोन्ही हातांनी, असेल नसेल ती ताकद लावून. तो ओरडला, सोड. तिनं सोडलं नाही. तो पुन्हा पुन्हा सोड म्हणत राहिला आणि ती त्याच्या कानाशी म्हणत राहिली की घाबरू नका, मी नाही सोडणार. मग त्यानं डोकं मागं आपटलं. त्यात तिचा जबडा गेला आणि पुढचे दोन दात गेले. तरी तिनं सोडलं नाही. चिठ्ठीत लिहिलंय ना.

स्टूल पडल्याचा आवाज ऐकून मी अर्धी बटणं उघडी तशीच धावले. खाट आणि भिंतीच्या मधल्या बोळात त्यानं तिला उभी दाबली होती. दोन्ही हात गळ्यावर. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. तोंडातून रक्त येत होतं ते त्याच्या मनगटांवरून कोपरापर्यंत ओघळत होतं. मामा मागून त्याच्या पाठीवर लोंबकळत होते, आणि ते जितकं ओढत तितकं तो दाबत होता. मी ओरडले, मामा, सोडा त्याला. मामांना ऐकू आलं नाही. एक पेशंट खाटेखाली शिरून किंचाळत होता, दुसरा दारावर डोकं आपटून घेत होता. चिमणीचे डोळे वर गेले. आम्हाला शिकवलेलं असतं, आवाज खाली ठेवा, नावानं हाक मारा, समोर या, हात दिसू द्या. मी नावानं हाक मारली. एकदा, दोनदा. मग त्याच्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट माझ्या मुठीत धरलं आणि मागे नेलं, मोडेपर्यंत.

त्यानं सोडलं. पोरगी भिंतीवरून घसरत खाली आली. तिनं श्वास घेतला तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

आणि मग मी त्याच्या कानाखाली एक ठेवून दिली. तो मोडलेला हात पोटाशी धरून उभा होता, कुणालाही काही करत नव्हता, आणि मी पुरा हात फिरवून मारलं. बोटं मोडली ते काम होतं. ही थप्पड काम नव्हती. माझी बघून मामांनीही दोन घातल्या, मग दुसऱ्या वॉर्डातून आलेल्या दोघांनी खाली पाडून लाथा घातल्या. तो डोकं झाकून पडून राहिला. मी थांबवलं, पण लगेच नाही थांबवलं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, तुम्हाला सांगतेय.

चिमणीला स्ट्रेचरवरून नेलं. मी रक्ताचे हात धुवायला आमच्या खोलीत आले. कपाटाचं दार उघडंच होतं. चार नंबरची चिठ्ठी समोर. मी वाचली: घट्ट धरा.

आमच्याकडे नियम आहे. कर्मचाऱ्यावर हल्ला केला की पेशंट मागच्या इमारतीत जातो. मागच्या इमारतीला जाळ्या आहेत, कुलपं आहेत, भेट महिन्यातून एकदा आणि तीही जाळीपलीकडून. तिथं गेलेला वर्ष-दोन वर्षं बाहेर येत नाही. सुटका एकाच गोष्टीत होती. चूक आमची होती असं सिद्ध झालं तरच. म्हणजे हवालदाराचं घरी जाणं त्या कागदाच्या कपट्यावर लटकत होतं, आणि तो कपटा माझ्या हातात होता. मी काय केलं? मास्तरची चिठ्ठी काढून खिशात घातली. सातची काढून चारवर लावली. सातला कोरी लावली. टाचण्या अगदी सरळ लागल्या.

दोन दिवस मी जेवले, झोपले, कामावर आले. लोक मला शाबासकी देत होते, पोरीला वाचवलंस म्हणून. घरी नवऱ्यानं विचारलं, तुझं तोंड असं का झालंय. मी त्याच्यावरच खेकसले. हवालदाराला तोवर एका रिकाम्या खोलीत बाहेरून कडी लावून ठेवलं होतं. मी त्याची बोटं बघायला गेले तर तो माझ्याकडे न बघता म्हणाला, ती जिवंत आहे ना. हो म्हटलं.

गुरुवारी चौकशी. टेबलाच्या पलीकडे मेट्रनबाई आणि मोठे डॉक्टर, अलीकडे मी, मामा आणि चिमणी. चिमणीचा जबडा तारेनं बांधलेला, मान काळी-निळी, बोटांचे ठसे मोजता येतील असे. बोलता येत नव्हतं म्हणून तिला वही दिली होती. तिनं लिहिलं, चिठ्ठीत होतं तसंच केलं, घट्ट धरा असं लिहिलं होतं. मेट्रनबाई उठल्या, आम्हा सगळ्यांना घेऊन कपाटाशी गेल्या. चार नंबर. मागून जाऊ नका. धरू नका. तोंडाजवळ काही नेऊ नका. त्यांनी मोठ्यानं वाचलं, दोनदा वाचलं, आणि चिमणीकडे बघितलं.

पोरगी त्या चिठ्ठीकडे बघतच राहिली. मला वाटलं आता ही माझ्याकडे बघेल. ती माझ्याकडे बघेल, तर मी डोळे वटारीन, सवयच आहे मला. पण तिनं माझ्याकडे बघितलंच नाही. वही भिंतीला टेकवून तिनं सावकाश लिहिलं, मग माझ्याच वाचण्यात चूक झाली असेल. खाली लिहिलं, त्यांना मागं पाठवू नका, त्यांची चूक नाही, मी चुकीचं वाचलं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. कुणावर ते विचारू नका. मी खिशातली मास्तरची चिठ्ठी काढली आणि कपाटाशेजारच्या टेबलावर आपटली. अशी आपटली की मेट्रनबाईंनी तिथं काढून ठेवलेला चष्मा उडाला. म्हटलं, तिचे डोळे चांगले आहेत, फुटले होते ते माझे. खाट बदलली, चिठ्ठी बदलली नाही. तोंडी सांगायचं ते रागात सांगितलं नाही. आणि नंतर चोरासारखी चिठ्ठ्या फिरवल्या. एका दमात सगळं. त्यात पुन्हा माझाच आवाज चढलेला, जणू त्यांनीच माझं काही केलंय. मामा बिचारे खाली मान घालून उभे होते. चिमणी रडायला लागली आणि तारेमुळे तिला नीट रडताही येईना.

निकाल लागायला वेळ लागला नाही. सोमवारपासून मी निलंबित. पुढं नोकरी राहते की जाते ते वर ठरेल. हवालदार मागच्या इमारतीत जाणार नाही. शनिवारी ठरल्याप्रमाणे घरी. खरं सांगते, मला हलकं वाटलं. नोकरी गेली तर गेली, माणूस घरी चालला.

शनिवारी सकाळी मी त्याच्या बोटांची पट्टी बदलायला गेले. समोरून गेले, हात दिसू दिले, खुर्ची लांब ठेवली. त्याचं सामान बांधून झालेलं. अंथरुणाची घडी घातलेली, डाव्या हातानं घातली असेल, तरी कोपरे जुळलेले. मी त्याची माफी मागितली. बोटांची नाही, थप्पडीची. तो ऐकून घेत राहिला. मग म्हणाला, "ताई, तुम्ही समजता तसं नाही ते."

मी म्हटलं, काय नाही.

"आधी ते दोघंच होते. पिशवी होती. ते खरं आहे. पण मग ती समोर आली, भिंतीशी, आणि मला दिसलं. नर्स आहे. पोरगी आहे. मला दिसलं, ताई. आणि मी दाबलं." तो हाताकडे बघत होता. "दीड वर्ष कुणी हातात सापडत नव्हतं. एकदाचं कुणीतरी सापडलं होतं."

पट्टी माझ्या हातात तशीच राहिली. अशी माणसं स्वतःला दोष देतात, ते आम्हाला रोजचंच. नाही रे बाबा, तुला तसं वाटतंय, असं म्हणायला जीभ तयार होती. पण त्याचा आवाज दोष घेणाऱ्याचा नव्हता. आठ आठवडे जो माणूस 'ठीक आहे'च्या मागे लपून बसला होता, तो पहिल्यांदा काही खरं सांगत होता.

"मला घरी पाठवू नका," तो म्हणाला. "माझी मुलगी मागून येऊन गळ्यात पडते."

आता बघा माझी गंमत. हे सांगितलं तर हा माणूस मागच्या इमारतीत जाऊ शकत होता, कारण आता तो 'जाणूनबुजून केलं' म्हणत होता. नाही सांगितलं तर तासाभरात घरी. परवाच एक कागद लपवून तोंड काळं करून घेतलं होतं. आता नुसतं गप्प बसायचं होतं. मी त्याला म्हटलं, हे मी डॉक्टरांना सांगणार आहे, तुझ्यासमोर. तो म्हणाला, म्हणून तर तुम्हाला सांगितलं.

मोठे डॉक्टर त्याच्या समोर येऊन बसले. त्याला तीन-चार प्रश्न विचारले, हळू आवाजात. मग म्हणाले, जो हे आपणहून सांगतो त्याला कुलपात घालायची गरज नाही, पण आज घरीही नाही. आमच्याच वॉर्डात राहायचं, स्वतःच्या सहीनं. त्यानं डाव्या हातानं वेडीवाकडी सही केली. मागच्या इमारतीतून सुटला, घर मात्र हुकलं.

खाली वहिनी थांबल्या होत्या. मागच्या जिन्यापाशी, जिथं भेटीची वेळ व्हायची लोक वाट बघतात. सोबत त्याचा इस्त्री केलेला सदरा, हँगरला लावलेला. सांगायला मीच गेले. आज नाही, म्हटलं. काही आठवडे तरी नाही. त्यानं स्वतःच राहायचं ठरवलंय. का, ते विचारलं त्यांनी, आणि मी तेही सांगितलं, शब्द न चोरता. मुलीचं सांगितलं. घरात कुणाला इजा होईल याची त्याला भीती वाटते, म्हटलं.

त्यांनी सदरा पायरीवर ठेवला. मग दोन्ही हातांनी माझी कॉलर धरली आणि मला भिंतीवर आपटलं. एवढीशी बाई, पण दिवसभर मशीनवर काम करणारे हात ते. माझं डोकं भिंतीला लागलं, डोळ्यांपुढं काजवे चमकले. पुन्हा आपटलं. मी हात वर केले नाहीत. त्या दातओठ खात म्हणत होत्या की कोण तुम्ही ठरवणारे, कोण तुम्ही. दवाखान्याचा पहारेकरी धावून आला, त्याला मी हातानंच लांब राहा म्हटलं. तिसऱ्यांदा आपटायला त्यांच्यात जोर उरला नव्हता. कॉलर सुटली.

मग त्यांनी गळ्याशी लावलेली बटणं काढली आणि डावा खांदा उघडा केला. गळ्याखालचं हाड मधोमध वर आलेलं. मोडलेलं, आणि कुणी न जुळवता आपोआप वाकडंतिकडं जुळलेलं. मी बावीस वर्षं नर्स आहे. ते हाड जुळताना किती दुखलं असेल ते मला कळतं.

"तुम्ही मला काय सांगता इजा," त्या म्हणाल्या. "इथं आणायच्या आधी महिनाभर. झोपेत होते ते. मी कुणाला सांगितलं का? तुम्ही त्यांना जाळीत टाकलं असतंत."

भरतीच्या दिवशी मीच विचारलं होतं, घरात कधी कुणाच्या अंगावर गेलेत का. त्या नाही म्हणाल्या होत्या आणि मी 'नाही'वर खूण करून पुढच्या प्रश्नाकडे वळले होते. माझा संताप वर आला. एक शब्द बोलली असती बाई, तर चिमणीचे दात तोंडात राहिले असते. पण मी कुठल्या तोंडानं बोलणार होते.

त्या पायरीवर बसल्या, खांदा तसाच उघडा. आता त्यांचं अंग कापत होतं, दात वाजत होते, श्वास अर्ध्यावर अडकत होता. मी समोरून आले. दोन पायऱ्या खाली बसले. दोन्ही हात त्यांना दिसतील असे गुडघ्यावर ठेवले आणि आमच्याकडे नव्या पेशंटला पहिल्यांदा विचारतात ते विचारलं.

"वहिनी, हात लावू का?"

त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं. मग मान हलवली, नको म्हणून.

मी लावला नाही. तिथंच बसून राहिले.